‘विश यू वर हिअर’ (पिंक फ्लॉइड, १९७५) : गैरहजेरीतून घडलेला अल्बम

मंद्र (धागाकर्ता)

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम १२ सप्टेंबर १९७५ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. माझ्याकडे तो १९८९ साली आला, नाशिकच्या मामेभावाने भरून दिलेल्या कॅसेटवर. आम्ही त्याला दादा म्हणतो. कॅसेट सी-साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. अल्बम पाऊण तासाच्या आतला, त्यामुळे दोन्ही बाजूंना शेवटी सात-आठ मिनिटं उरायची. कॅसेट कोरीही नव्हती. मामीच्या घरच्या भोंडल्याच्या रेकॉर्डिंगवरच दादाने अल्बम भरला होता. दुसऱ्या बाजूला बँडच्या रिचर्ड राइटचा कीबोर्डवरचा शेवटचा सूर विरला की खर्र करून मामीचा आवाज यायचा, मागे वाड्यातल्या बायका आणि खिरापत ओळखायचा गलका. माझ्या कानात हा अल्बम अजून तिथेच संपतो.

या अल्बमबद्दल नेहमी सांगितलं जातं की तो सिड बॅरेटसाठी केला. सिड म्हणजे बँडचा मूळ गायक-गिटारिस्ट. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडला नाव देणारा तोच. १९६८ मध्ये तो बँडबाहेर गेला. अल्बम त्याच्यासाठी केला हे खरंच आहे, पण माझ्या मते एवढ्यावर थांबलं तर निम्मा अल्बम ऐकायचा राहतो. त्या स्टुडिओत बसलेले चौघेसुद्धा (बास वाजवणारा आणि शब्द लिहिणारा रॉजर वॉटर्स, गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर, कीबोर्डवर राइट, ड्रमवर निक मेसन) तिथे नव्हते, आणि हा अल्बम आधी त्यांच्या गैरहजेरीचा आहे.

मार्च १९७३ मध्ये त्यांचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम आला आणि ज्यासाठी मुलं बँड काढतात ते सगळं त्यांना एकदम मिळालं. पैसा मिळाला, अमेरिका मिळाली, मोठी मैदानं मिळाली. (१९७३ ते १९८८ या काळात तो अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता.) मग पुढे काय, याचं उत्तर चौघांपैकी कुणाकडेच नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी एक वेगळाच घाट घातला: वाद्यं बाजूला ठेवायची आणि घरातल्या वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा. रबर बँड, बाटल्या, वाईनचे पेले. बरेच दिवस घालवून हाती फारसं काही लागलं नाही आणि तो नाद सोडला. फक्त ओल्या बोटाने पेल्यांच्या कडा घासून काढलेले सूर जपून ठेवले. ‘विश यू वर हिअर’मधलं सगळ्यात लांब गाणं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, त्याच्या अगदी सुरुवातीला ऐकू येतात ते तेच.

१९७४ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात तालमी चालू असताना गिल्मोरच्या गिटारवर चार सूर सहज उमटले. बी फ्लॅट, एफ, जी, ई. रॉजर वॉटर्सला त्या चार सुरांत सिड दिसला आणि शब्द सुचू लागले. त्याच जूनमध्ये फ्रान्सच्या दौऱ्यात ते गाणं रंगमंचावर आलं. वर्षअखेरच्या ब्रिटनच्या दौऱ्यात त्याच्यासोबत आणखी दोन लांबलचक नवी गाणी वाजत होती. म्हणजे अल्बमचा माल तयारच होता.

आणि तरी जानेवारी १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पोचल्यावर गाडी अडली. सगळ्यांनी पुढे सांगितलंय की आठवडेच्या आठवडे कुणाचं लक्षच लागत नव्हतं. मेसनचा संसार मोडायला आला होता. बाकीचे यायचे, बसायचे, निघून जायचे. हजेरी लागत होती, माणसं मात्र येत नव्हती.

वॉटर्सचं मोठेपण मला इथे दिसतं. हे दुखणं लपवण्याऐवजी त्याने तोच विषय केला. ‘शाइन ऑन’चे दोन तुकडे करायचे, एक सुरुवातीला, एक शेवटी, आणि मधे नवी गाणी गैरहजेरीवरच लिहायची. जुनी दोन गाणी बाजूला ठेवायची. गिल्मोरला हे पटलं नव्हतं, त्याला तीनही तयार गाणी घ्यायची होती. शेवटी मत घेतलं गेलं आणि तीन विरुद्ध एकाने वॉटर्सचं म्हणणं ठरलं. (ती दोन गाणी नावं बदलून १९७७ च्या ‘ॲनिमल्स’मध्ये आली.)

या निर्णयामुळेच अल्बमला आजचं रूप आलं. सव्वीस मिनिटांची एक हाक आहे, ती मधेच थांबते. मग यंत्र येतं, सिगारवाला शेठ येतो, रेडिओ खरखरतो, वारा सुटतो आणि हाक पुन्हा सुरू होते. तोपर्यंत ऐकणाराच बदललेला असतो.

तुमचं काय मत? तुम्हाला यात सिड ऐकू येतो की बाकीचे चौघे?

---

पावशी

सुरेख लिहिलंय. इंग्रजी गाण्यांतलं मला फार कळत नाही, पण आज दुपारी लावून बसले. शब्द येईपर्यंत किती वेळ जातो! मला वाटलं नुसतं वाद्यसंगीतच आहे.

मंद्र

पावशी, साडेआठ मिनिटांहून जास्त. ते चार सूरसुद्धा चार मिनिटं होत आल्यावर येतात. एवढी थांबायची तयारी हवी, आणि त्या थांबण्यातच अर्धी गोष्ट सांगून होते असं मला वाटतं.

---

धैवत

चार सुरांबद्दल थोडं. मी गाणं शिकलोय, गिटार नाही, त्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो.

गाण्याचा आधारस्वर जी. त्याला सा मानलं तर ते सूर होतात: कोमल गंधार, वरचा कोमल निषाद, परत खाली सा, आणि मग शुद्ध धैवत. ग आणि नी कोमल, ध शुद्ध, म्हणजे चौकट काफी थाटाची. मंद्र, तुमची कॅसेट मी ऐकलेली नाही, पण हे चार सूर मी हजार वेळा पेटीवर काढलेत. सगळी जादू शेवटच्या धैवतात आहे. पहिल्या दोन सुरांनंतर सा लागतो आणि कानाला वाटतं, पोचलो घरी. तेवढ्यात शुद्ध ध येतो आणि दार उघडंच राहतं. कोमल ध लावून बघा, नुसती उदासी उरते. शुद्ध ध लावला की उदासीत उजेड येतो. गिल्मोर हे चारच सूर वाजवून थांबतो, पुन्हा वाजवतो, पुन्हा थांबतो. उत्तर येत नाही. उत्तराशिवाय हाक मारत राहणं कुठल्याही भाषेत कळतं.

आधीची चार मिनिटं म्हणजे राइटने लावलेला तंबोरा. एकच स्वरमेळ धरून ठेवलाय, आत किंचित हलतं, पण जागा सुटत नाही. आपल्या बैठकीत तंबोरे जुळून दोन-तीन मिनिटं नुसते वाजत राहतात आणि हवा बदलते, तोच अनुभव.

वाईनच्या पेल्यांवरून जलतरंग आठवलं. फरक एवढाच की जलतरंगात आघात असतो, म्हणून सूर उमटतो आणि विझतो. इथे कडेवर बोट फिरतं, म्हणून सूर सुरूही नेमका कधी होतो ते कळत नाही.

पावशी

धैवत, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा ऐकलं. ‘दार उघडंच राहतं’ हे अगदी कळलं.

---

टेपवाला

मी ऐंशीच्या दशकात दादरच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचो, टेपवर. म्हणून कारागिरीच्या बाजूने काही गोष्टी.

‘डार्क साइड’चा इंजिनिअर ॲलन पार्सन्स. त्याने पुढे यांच्याबरोबर काम करायला नकार दिला आणि स्वतःचं काम सुरू केलं. मग ब्रायन हम्फ्रीज आला. तो बँडबरोबर दौऱ्यांवर होता, पण ॲबी रोडची यंत्रणा त्याच्या हाताखालची नव्हती. ‘शाइन ऑन’ची पायाभरणी, म्हणजे मेसनचे ड्रम आणि वॉटर्सचा बास, बरेच दिवस खपून रेकॉर्ड झाली आणि मग लक्षात आलं की त्यावर चुकून एको (प्रतिध्वनीचा परिणाम) चढलाय. आज आपण एको वेगळा ठेवतो, नको तेव्हा काढून टाकतो. टेपवर सुराबरोबर एको छापला गेला की छापला गेला, दुधात मिसळलेलं पाणी. सगळं पुन्हा वाजवावं लागलं. आधीच मन लागत नव्हतं, त्यात हे. त्या माणसाला त्या रात्री झोप लागली नसणार, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. माझ्या हातून एकदा एका ज्येष्ठ गायिकेचा अख्खा अंतरा पुसला गेला होता. त्यांनी एक शब्द न बोलता परत गायला. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

दुसरी गोष्ट, ‘वेलकम टू द मशीन’मधली धडधड. ती व्हीसीएस-३ नावाच्या छोट्या इंग्लिश सिंथेसायझरची. साध्या अकूस्टिक गिटारशेजारी ती ठेवली आहे, म्हणून अंगावर येते. त्यातली एक ओळ गिल्मोरच्या आवाजाला पोचत नव्हती, म्हणून टेपचा वेग किंचित कमी करून ती गाऊन घेतली. आमच्याकडेही हे चालायचं, गायकाचा घसा बसलेला असला की.

आणि तिसरी, माझ्या सगळ्यात आवडीची. ‘हॅव अ सिगार’ पूर्ण भरात असतं आणि अचानक अख्खा बँड छोट्या ट्रान्झिस्टरच्या डबीत शिरल्यासारखा आक्रसतो. मग कुणीतरी स्टेशन बदलतं. बोलणं ऐकू येतं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो. हे गिल्मोरने आपल्या गाडीतल्या रेडिओवरून रेकॉर्ड केलं होतं. मग ‘विश यू वर हिअर’ हे शीर्षकगीत सुरू होतं: बारा तारांची गिटार, तीही रेडिओवर लागल्यासारखी पातळ, खालचे-वरचे सूर कापलेली. आणि मग दुसरी गिटार येते, भरदार, अगदी कानाशी. खोलीत एकटा बसलेला माणूस रेडिओच्या साथीने वाजवतोय, असं चित्र त्यांना हवं होतं. ऐकताना बोटं तारेवरून सरकताना ऐकू येतात, खोकल्याचा आवाजही येतो. शब्द सुरू व्हायच्या आधीच एक माणूस इथे आणि एक कुठेतरी लांब, हे नुसत्या ध्वनीने सांगून झालेलं असतं. ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हा दीड मिनिटाचा तुकडा ऐकवतो.

मंद्र, तुमची ती कॅसेट अजून आहे का? असेल तर कुठल्याही जुन्या प्लेअरमध्ये घालू नका, आधी माझ्याशी बोला.

---

कोकणकडा

धागा आवडला, पण मी दुसरी बाजू मांडतो.

‘डार्क साइड’मध्ये काळ, पैसा, मरण, वेड असे सगळ्यांचे विषय आहेत. या अल्बममधली मधली दोन गाणी मात्र रेकॉर्ड कंपन्यांवरच्या तक्रारी आहेत. कंपनी पिळून घेते, शेठला कलेतलं कळत नाही, बँडमधला पिंक कोण असं विचारतो. हा प्रश्न त्यांना खरोखर विचारला जायचा हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना त्याच कंपन्यांनी श्रीमंत केलं त्यांची ही तक्रार मी किती मनावर घ्यायची? गिरणीतल्या माणसाने यंत्रावर गाणं लिहिलं तर मी उठून उभा राहीन. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. ‘यंत्रात ये’ म्हणजे काय हे त्यांनी पोटासाठी सोसलं. म्हणून ते गाणं मला उसनं वाटतं.

मंद्र

कोकणकडा, तुमच्या आजोबांबद्दल जे लिहिलंत त्यापुढे वाद घालावासा वाटत नाही. तरी माझं वाचन सांगतो. ‘मशीन’मध्ये यंत्र त्या मुलाला म्हणतं की तू कुठे होतास, काय स्वप्नं पाहिलीस, सगळं आम्हाला ठाऊक आहे, ती स्वप्नं आम्हीच तुला दिली. म्हणजे गिटार घेऊन बंड करण्याची इच्छासुद्धा विकत मिळालेली. आम्ही किती चांगले आणि कंपनी किती वाईट, असा त्याचा सूर मला ऐकू येत नाही. आम्ही आत शिरलो आणि आता आमच्यातलं आमचं किती उरलं, असा प्रश्न ऐकू येतो. गाणं संपतं तेव्हा दार उघडतं आणि मेजवानीतला गलबला, हसणं ऐकू येतं. तिथे कुणीच कुणाशी बोलत नाहीये.

‘सिगार’ तर त्यांच्यातल्या कुणी गायलंच नाही! वॉटर्सचा घसा ‘शाइन ऑन’ गाताना बसला होता. गिल्मोरला ते शब्द गायचे नव्हते. शेजारच्या स्टुडिओत रॉय हार्पर हा गायक आपला अल्बम करत होता, त्याला बोलावलं. (मोबदल्यात लॉर्ड्स मैदानाचा जन्मभराचा पास मागितला होता, असं हार्परने सांगितलंय.) वॉटर्सला नंतर वाटत राहिलं की मीच गायला हवं होतं. पण गैरहजेरीच्या अल्बममध्ये बँडच्या नावाने विचारलेला प्रश्न बँडबाहेरचा माणूस गातो, याहून चोख काही ठरवूनही जमलं नसतं.

कोकणकडा

‘बंड करण्याची इच्छासुद्धा विकत मिळालेली’ हे पटलं. गाणं तरी मला ‘डार्क साइड’च्या खालचंच वाटतं, पण आता ते पुन्हा ऐकेन.

---

शब्दवेडी

‘विश यू वर हिअर’ या नावाचं मराठी काय करायचं यावर मी दोन दिवस विचार करतेय. ‘तू इथे असायला हवा होतास’ हे बरोबर आहे, पण फार लांब आणि त्यात किंचित तक्रारही येते, लग्नाला न आलेल्या भाच्याला म्हणावं तशी. इंग्रजीत हे वाक्य सहलीला गेलेले लोक पोस्टकार्डावर लिहितात. झिजलेलं, सवयीचं. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘तुझी फार उणीव भासते’ लिहायचे, तसंच. मूळ रेकॉर्डबरोबर खरोखरचं पोस्टकार्ड यायचं: अमेरिकेतल्या मोनो लेकच्या पाण्यात सूर मारलेल्या माणसाचे फक्त पाय वर आहेत आणि पाणी अगदी निश्चल, एक तरंग नाही. तो माणूस खाली डोकं वर पाय करून, श्वास रोखून, तरंग विरेपर्यंत तसाच राहिला होता.

मंद्र यांनी ‘गैरहजेरी’ शब्द घेतला तो मला आवडला. ‘अनुपस्थिती’ सरकारी आहे, ‘विरह’ फार काव्यमय. गैरहजेरीत शाळेचा हजेरीपट आहे: नाव पुकारलं जातं, एक क्षण शांतता, आणि बाई पुढच्या नावावर जातात.

मंद्र

शब्दवेडी, हा शेवटचा भाग लिहून ठेवतोय.

वेष्टनाचा विषय निघालाच आहे तर मुखपृष्ठाबद्दलही. मुखपृष्ठं करणाऱ्या हिप्नोसिस कंपनीच्या स्टॉर्म थॉर्गरसनची कल्पना, फोटो ऑब्री पॉवेलचा. कॅलिफोर्नियात बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारात दोन सूटवाले हात मिळवतायत आणि त्यातला एक पेटलाय. आग खरी होती. स्टंट करणारा रॉनी रॉन्डेल, सुटाखाली आगीपासून वाचवणारा पोशाख, डोक्यावर टोप. वारा उलटा फिरला आणि त्याच्या मिशा भाजल्या, तेव्हा दोघांनी जागा बदलल्या आणि छापताना फोटो उलटा केला. मग एवढा जिवावर उदार होऊन काढलेला फोटो त्यांनी काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झाकून टाकला! वरून फक्त दोन यांत्रिक हातांचं हस्तांदोलन दाखवणारं स्टिकर. दुकानात मुखपृष्ठच गैरहजर.

---

पर्वती

अवांतर, पण पुण्याचा धागा जुळतो म्हणून. शीर्षकगीताच्या अखेरीस व्हायोलिन आहे. त्या दिवसांत यहुदी मेन्यूहिन आणि स्टीफान ग्रापेली हे दोघे थोर व्हायोलिनवादक ॲबी रोडलाच होते. पिंक फ्लॉइडने विचारलं. मेन्यूहिन लिहिलेलं संगीत वाजवणारे, त्यांनी ऐकत बसणं पसंत केलं. ग्रापेली जॅझवाले, त्यांनी लगेच धनुकली उचलली. पण अल्बममध्ये ते इतकं खाली दबलं की वाऱ्याच्या आवाजात जवळजवळ ऐकूच येत नाही. ग्रापेलींचं ते वादन ठळकपणे ऐकू येईल असं २०११ च्या नव्या आवृत्तीत आलं.

आणि हे मेन्यूहिन म्हणजे आपल्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचे शिष्य. १९५२ मध्ये मुंबईत भेट झाली, पुढे त्यांनीच गुरुजींना युरोपात नेलं. गुरुजींच्या ‘लाइट ऑन योगा’ची प्रस्तावना त्यांचीच आहे. माझी आई पुण्यात गुरुजींच्या संस्थेत जायची. तिला परवा सांगितलं की मेन्यूहिन त्या खोलीत बसून हे ऐकत होते, तर म्हणाली, “मग मलाही ऐकव.”

---

निशिगंध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून एक विनंती. सिडबद्दल लिहिताना लोक सहज एखादं निदान चिकटवतात. १९६७ मध्ये तो एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं अमली द्रव्य भरपूर घेत होता, कार्यक्रमात एकच सूर वाजवत राहायचा, ही माहिती सगळीकडे आहे. पण तेवढ्यावरून, पन्नास वर्षांनी, तपासल्याशिवाय निदान होत नाही. आणि बँड सुटल्यावर तो पुढे अडतीस वर्षं जगला. केंब्रिजला आईच्या घरी परतला, चित्रं काढली, बाग केली, सिड हे नाव टाकून पुन्हा रॉजर, म्हणजे आपल्या मूळ नावाचा, झाला. ७ जुलै २००६ ला गेला. गाण्यात तो हिरा असेल, पण घरी तो बागेला पाणी घालणारा माणूस होता. चाहते दाराशी येत ते त्याला नको असायचं. गैरहजर तो आपल्या दृष्टीने होता. तो स्वतः तर आपल्या घरी हजरच होता.

वाटसरू

निशिगंध, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. मी इंग्लंडमध्ये राहतो, केंब्रिजपासून तासाभरावर, आणि या अल्बमबद्दल माझी एक खोल खंत आहे.

सगळे ५ जून १९७५ ची गोष्ट सांगतात. ॲबी रोडला ‘शाइन ऑन’चं मिश्रण चालू असताना एक जाडजूड माणूस आत आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कुणी ओळखलं नाही. बऱ्याच वेळाने कळलं की हा सिड. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. वॉटर्सला रडू आवरलं नाही. त्या दिवसाच्या सगळ्यांच्या आठवणी तपशिलात एकमेकींशी जुळत नाहीत, पण एवढं सगळेच सांगतात.

मात्र त्याच्या सात वर्षं आधीचा एक दिवस क्वचितच सांगितला जातो. जानेवारी १९६८, साउदॅम्प्टनचा कार्यक्रम. गिल्मोर नुकताच पाचवा म्हणून आला होता. गाडीने निघाले, आणि वाटेत सिडला घ्यायचं का असा प्रश्न निघाला. नको, राहू दे, असं ठरलं. बस्स. भांडण नाही, निरोप नाही. गाडी त्याच्या घरावरून वळलीच नाही. ‘तू इथे असायला हवा होतास’ हे ती गाडी चालवणाऱ्यांनी म्हणायचं?

मंद्र

वाटसरू, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. आणि मला वाटतं अल्बमला ते माहीत आहे. ‘शाइन ऑन’मध्ये सिडची स्तुती आहे, पण आम्ही तुला शोधलं, आम्ही वाट पाहिली, असा दावा कुठेही नाही. शीर्षकगीतात तर विचारणं आहे की तुला स्वर्ग आणि नरक, ऊन आणि पाऊस यांतला फरक कळतो का, आणि ऐकता ऐकता कळतं की हे विचारणारा स्वतःलाच विचारतोय. त्यांनी दुसऱ्याही गोष्टी केल्या: गिल्मोर, वॉटर्स आणि राइट यांनी सिडच्या एकट्याच्या, १९७० मध्ये आलेल्या अल्बमांना हात दिला, त्याची रॉयल्टी त्याला पोचते की नाही याकडे गिल्मोरने लक्ष ठेवलं. पण न वळलेली गाडी त्याने वळत नाही, हे मान्य.

अगदी शेवटी, ‘शाइन ऑन’च्या नवव्या भागात, राइट एकटा उरतो. तो भाग त्याचाच आहे. सूर मावळता मावळता तो कीबोर्डवर ‘सी एमिली प्ले’ची चाल अलगद वाजवतो. सिडने १९६७ मध्ये लिहिलेलं गाणं. त्यावर शब्द नाहीत, कुणाचं नाव नाही. वीस-पंचवीस मिनिटं वॉटर्स सिडबद्दल बोलतो, आणि शेवटचे काही क्षण राइट सिडलाच बोलू देतो. माफी मागायची तर मला अशीच मागता येईल.

माझ्या दादाने मला कॅसेट दिली तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुढच्या वर्षी त्याने शिक्षण सोडलं आणि तो घरीच राहू लागला. बोलणं कमी झालं. आम्ही भावंडं सुट्टीत नाशिकला जायचो, मग सिनेमाला, गंगेवर, सोमेश्वरला. दादाला विचारायचं का, असं आमच्यातही एकदा झालं, आणि आम्हीही गेलो न विचारता. मी चौदा वर्षांचा होतो. वाटसरू, म्हणून चार दिवस लागले.

वाटसरू

मंद्र, माझा रोख तुमच्याकडे नव्हता. राइटबद्दलचं वाचून परत ऐकलं. इतकी वर्षं त्या जागी मी ते बंद करून टाकत होतो.

निशिगंध

मंद्र, दादा कसे आहेत आता? सांगावंसं वाटलं तरच सांगा.

---

लोअर परळ

फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात वॉटर्सचा कार्यक्रम झाला तेव्हा मी होतो. सिडला जाऊन वर्षही झालं नव्हतं. शीर्षकगीत सुरू झालं आणि मैदानभर लोक गायला लागले, शेजारचे काका, मुलं, सगळे. माझ्या शेजारी एक बाई मोबाइल उंच धरून उभ्या होत्या, फोन लावलेला, कुणालातरी ऐकवत होत्या. ते गाणं ऐकायची त्याहून योग्य पद्धत मी पाहिलेली नाही.

---

मंद्र

निशिगंध, दादा बरा आहे. औषधं चालू आहेत, सकाळी भाजी आणतो, संध्याकाळी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. तुमच्या प्रतिसादातलं बागेचं वाक्य वाचून मी थोडा वेळ स्क्रीनसमोर नुसता बसून होतो.

टेपवाला काका, कॅसेट सापडली. फित शाबूत दिसते, पण दाबपट्टीचा स्पंज निखळून पडलाय आणि एका बाजूला बुरशीचे पांढरे ठिपके आहेत.

टेपवाला

स्पंज जाणं काही मोठं नाही. फित दुसऱ्या कवचात घालता येते. बुरशीचं मात्र नीट करावं लागेल, म्हणून अजिबात वाजवू नका, फिरवूही नका. वरच्या बाजूच्या दोन्ही खाचा तोडलेल्या आहेत का बघा. नसतील तर आधी तोडा, म्हणजे चुकूनही त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. प्लॅस्टिकच्या डबीत घालून, कापसात गुंडाळून कुरिअर करा, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. मी ती स्वतः हाताने साफ करेन, पैसे घेणार नाही. अल्बम तुम्हाला कुठेही मिळेल. त्याच्यामागचं मिळणार नाही.

मंद्र

खाचा तोडलेल्याच होत्या, दोन्ही बाजूंच्या. माझ्या हातून तोडलेल्या नाहीत.

काल रात्री दादाला फोन केला. सांगितलं की ती कॅसेट दुरुस्तीला पाठवतोय. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “बी बाजूला शेवटी आई आहे. तिथे पोचलं की आधी मला ऐकवायला सांग.”

काका, पार्सल आज निघालंय.